भिंतीवरची गॅस्केटं

माझ्या दिराला सगळे 'बसेल' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि तो ओ देतो. गेली पस्तीस वर्षं कुणीही कुठल्याही खटारा जीपचा तुटका भाग हातात धरून दारात उभं राहिलं आणि "याच्या जागी दुसरं काही लागेल का हो?" म्हणून विचारलं, की याचं उत्तर ठरलेलं. "बसेल." मग माळ्यावर चढायचं, डबे पाडायचे, धूळ माझ्या चहात उडवायची आणि कुठल्या तरी मेलेल्या ट्रॅक्टरचा पाण्याचा पंप आणून जीपला लावायचा. आणि तो बसायचा, मेला! कंपन्यांनी ज्या गाड्या बनवणं कधीच बंद केलं, ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, त्या याच्या हातून डोंगर चढायच्या.

मी त्याची वहिनी. पुढच्या खोलीतलं सुट्या भागांचं काउंटर माझं, मागचं इंजिनांचं राज्य त्याचं. गॅरेज मुळात दोघा भावांनी उभं केलं. माझे यजमान जाऊन चौदा वर्षं झाली, तेव्हापासून आम्ही दोघं ते चालवतो, म्हणजे दिवसभर भांडतो. तोंडावर मी त्याला भाऊजी आणि तुम्ही म्हणते. पाठीमागे जे म्हणते ते इथे नको. लग्न त्याने केलं नाही. एकदा स्थळ आलं होतं, तर पोरीच्या बापाची जीप दुरुस्त करून दिली आणि पोरीशी एक शब्द न बोलता परत आला.

कशाला काय बसतं, हे सगळं याच्या डोक्यात आहे, असं मी समजत होते. एक वही नाही, एक कागद नाही. लोक म्हणायचे, काय डोकं आहे! मीही म्हणायचे, डोकं आहे खरं, पण त्यात दुसरं काही शिरायला जागा नाही.

आता भिंतीचं सांगते. मागच्या खोलीतून माळ्याच्या जिन्याकडे जाताना उजव्या हाताला एक लांब भिंत आहे. होती तशी. ग्रीसने, धुराने, हातांनी काळीकुट्ट. तिच्यावर खिळ्याने ओरखडे काढलेले, गोल, लांबट, एकात एक, खाली काहीतरी खरडलेलं. मला वाटायचं, दोघा भावांनी तरुणपणी काम नसताना केलेला उद्योग. आणि दिराला एक खोड होती. जिन्याकडे जाताना भिंतीवरून हात फिरवत जायचा. डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, तेव्हा मी म्हटलं, आंधळा होत चाललाय, आधार घेतोय बिचारा.

शेवटी मीच मागे लागून ऑपरेशन करून घेतलं. दोन्ही डोळे झाल्यावर दहा दिवस त्याला नणंदेकडे पाठवला, कारण इथे ठेवला असता तर पट्टी सोडून कार्बोरेटर उघडला असता. आणि त्या दहा दिवसांत माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, माणसाला नवे डोळे मिळालेत, तर बघायला काहीतरी नीटनेटकं असू दे. रंगारी बोलावला. तो भिंत बघून म्हणाला, "बाई, आधी पुट्टी मारावी लागेल, नुसत्या रंगाने हे खड्डे झाकणार नाहीत." मी म्हटलं, "मार की, विचारतोस काय!" दोन हात पुट्टी, त्यावर पांढरा रंग. भिंत अशी झाली, की तिच्याजवळून जाताना मी पदर सावरून घ्यायला लागले. स्वतःवर इतकी खूश, की विचारू नका.

तो आला. काळा चष्मा काढला. भिंतीसमोर उभा राहिला. मी मागे हात बांधून उभी, आता बोलेल, मग बोलेल. त्याने तळहात भिंतीला लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नेला आणि म्हणाला, "छान आहे."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. हा माणूस छान म्हणत नाही. माझ्या स्वयंपाकाला पस्तीस वर्षांत 'चालेल'च्या पुढे गेला नाही. त्यानंतर तीन दिवस मला एक शिवी नाही, एक टोमणा नाही, चहा थंड म्हणून आरडाओरडा नाही. मी मुद्दाम थंड चहा दिला. निमूट प्यायला.

चौथ्या दिवशी गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. बाई मोठ्या धीराच्या, अंगाला कायम औषधाचा आणि गोठ्याचा वास. त्यांची जीप माझ्या लग्नाच्याही आधीची. वरच्या वाड्यांवर जायचं तर ती जीप नाहीतर पाय. वर गुरांना साथीची लस टोचायची होती, आणि ऑफिसने बाईंना बजावलं होतं, ही जीप आता एकदा जरी रस्त्यात बंद पडली तर सरळ भंगारात जाईल. बदल्यात मिळणार होती एक छोटी चकचकीत कार, जी पहिल्याच दगडावर पोट टेकून बसली असती. "बसेलभाऊ," बाई म्हणाल्या, "हेडमधून धूर येतोय. तुम्हीच काय ते."

दिराने इंजिन उघडलं. इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ठोकळा म्हणजे ब्लॉक, यांच्यामध्ये जो पत्रा असतो ना, गॅस्केट, तो मागच्या अंगाला जळून त्याचे तुकडे पडले होते. तुकडे त्याने बाजूला टाकले, मी झाडून भंगाराच्या पिंपात. माळ्यावर त्या इंजिनाची तीन गॅस्केटं होती, तिन्ही वेगवेगळ्या सालातली, आणि आता जगात कुठेही चौथं मिळणार नाही. तिन्ही त्या ब्लॉकवर बरोब्बर बसतात, एकेक बोल्ट जाग्यावर. भानगड पाण्याच्या भोकांची. ब्लॉकला भोकं सगळीच असतात. त्यातली कुठली उघडी ठेवायची नि कुठली बुजवायची, ते गॅस्केट ठरवतं. चुकीचं लावलं तर गाडी सपाटीला मजेत पळते आणि चढावर उकळते. आणि एकदा आवळून दाबलेलं गॅस्केट परत वापरता येत नाही. म्हणजे चुकलं की एक गेलं.

डॉक्टरीणबाई उभ्याच होत्या. दीर जिन्याकडे निघाला, उजवा हात भिंतीवर गेला आणि मध्येच थांबला. पांढऱ्या गुळगुळीत भिंतीवर तो हात नुसताच राहिला. मी काउंटरवरून बघत होते. मग हात खाली घेऊन तो वर गेला, बराच वेळ खुडबुड केली, एक गॅस्केट घेऊन खाली आला. बाईंनी विचारलं, "हेच ना?"

"बसेल," तो म्हणाला. पण आवाज त्याचा नव्हता.

जीप सकाळी गेली आणि दुपारी ट्रॅक्टरमागे दोराने बांधून परत आली. पहिल्या मोठ्या चढावर रेडिएटरने तोंडातून वाफ सोडली होती. बाईंनी ती ढकलत झाडाआड नेऊन ठेवली, आणि ऑफिसात कुणाच्या नजरेस येण्याआधी ट्रॅक्टरवाल्याला हाताशी धरून इकडे आणली. "उद्या सकाळी नाही निघाले तर माझी जीप गेली," एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दिराने हेड परत काढलं. मग पाना खाली ठेवला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, "वहिनी, बाईंना सांग, माझ्याच्याने होणार नाही. आणि गॅरेजला गिऱ्हाईक बघ."

"काय बोलताय हे? डोळे बरे झाले आणि डोकं गेलं की काय?"

"डोकं कधी नव्हतंच," तो म्हणाला. "सगळं भिंतीवर होतं."

आणि मग त्याने सांगितलं. या गॅरेजात जो भाग आला, जे गॅस्केट आलं, ते भिंतीला धरून दोघा भावांनी खिळ्याने त्याची कड कोरून ठेवली होती. कुठलं भोक उघडं, कुठलं बंद, कशाच्या जागी काय चालतं. दिसायचं बंद झालं तेव्हा तो बोटांनी वाचायला लागला. तो आधार घेतोय असं मी समजत होते, तेव्हा तो वाचत होता. "डाव्या कोपऱ्यातली सगळी दादाने काढलेली," तो म्हणाला. "अगदी पहिली. अक्षर असं वाकडं होतं त्याचं."

चौदा वर्षांत मी नवऱ्याचे कपडे दिले, चपला दिल्या, पण त्याच्या हातचं काही घरात शिल्लक आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. आणि कळलं तेव्हा मी त्यावर दोन हात पुट्टी मारून बसले होते. वर रंगाऱ्याला चहाही पाजला होता! मी आयुष्यात कुणाला 'चुकलं' म्हटलं नाही, सासूलासुद्धा नाही. त्या दिवशी म्हटलं. "भाऊजी, चुकलं माझं." तो नुसता मान हलवून बसून राहिला. माफ केलं असतं तर गोष्ट वेगळी, पण तो रागावलाच नव्हता. रागवायचंही सोडून दिलं होतं त्याने.

मला रडू आलं आणि रडू आलं की मला संताप येतो. मी पदर खोचला आणि भंगाराच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले. कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. ते जुनं, जळलेलं गॅस्केट बारा वर्षांपूर्वी यानेच लावलं होतं, भिंतीवर बोट ठेवून, आणि बारा वर्षं ती जीप डोंगर चढत होती. म्हणजे ते बरोबर होतं. आणि हा शहाणा ते तुकडे बघायच्या आधी माळ्यावर गेला, कारण बाई समोर उभ्या होत्या आणि याला 'बसेल' म्हणायचं होतं.

नऊ तुकडे सापडले. एक माझ्या अंगठ्यात घुसला तेव्हा सापडला. बोटभर ग्रीस घेऊन मी एकेक तुकडा त्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर थापायला लागले. आकार जुळेपर्यंत भिंतीची पार वाट लागली. मग खिळा घेतला आणि कडेकडेने कोरायला सुरुवात केली. नवी पुट्टी, भसाभस निघत होती. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला, पण मी वळले नाही.

"हे बघा," मी मोठ्याने म्हटलं, "हे जास्तीचं भोक पुढच्या अंगाला आहे. म्हणजे माळ्यावर उरलेल्या दोनांतलं ते पातळ कडेचं गॅस्केट, त्यालाही असंच आहे. लावा तेच."

तो जवळ आला. नवे डोळे बारीक करून त्याने भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अगं बिनडोक बाई," तो ओरडला, "उलटं धरलंयस की! पत्र्याची घडी वरच्या अंगाला येते, एवढंही कळत नाही? पस्तीस वर्षं काउंटरवर बसून काय नुसत्या माश्या मारल्यास? हे भोक मागचं आहे, चौथ्या सिलिंडरच्या मागचं! तुझ्या म्हणण्याने लावलं असतं तर आणखी एक गॅस्केट वाया गेलं असतं आणि डॉक्टरीण बैलगाडीने गेली असती! सर बाजूला. चहा कर. आणि गरम कर, तीन दिवस गटाराचं पाणी पाजतेयस!"

इतकं गोड मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. चहा करताना मी मोरीकडे तोंड करून पोटभर रडून घेतलं.

तुकडे त्याने उलटवून पुन्हा लावले, नवी कड कोरली, उरलेली दोन्ही गॅस्केटं तिच्यावर धरून पाहिली आणि जाड कडेचं निवडलं. त्याच संध्याकाळी हेड बसवलं. एकेक बोल्ट आवळताना मला सांगत होता, आधी मधले, मग कडेचे, जणू उद्यापासून मीच करणार आहे. सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. "या वेळी नक्की ना, बसेलभाऊ?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बसलंय."

पण नुसतं म्हणून थांबला नाही, स्वतः बाईंच्या शेजारी जाऊन बसला आणि वरपर्यंत गेला. दुपारी उतरला तेव्हा अंगाला शेणाचा वास येत होता आणि तोंडभर हसत होता. बाईंनी वर त्यालाही गायी धरायला लावल्या होत्या. एकीने लाथ मारली, ते त्याने मला तीनदा सांगितलं.

भिंतीवर नव्याने कोरलेल्या त्या पहिल्या गॅस्केटखाली त्याने खिळ्याने लिहिलंय, 'वहिनीची चूक'. मी भांडले. म्हटलं, तुकडे न बघता माळ्यावर कोण पळालं होतं? तेव्हा कुरकुरत खाली बारीक अक्षरात 'अर्धी' असं घातलं. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक ते वाचतं आणि माझ्याकडे बघून हसतं. हसू देत.

आता माळ्यावरचे डबे एकेक करून खाली येतात, तो भिंतीला धरतो, कोरतो, मला नाव विचारून लिहितो, कारण म्हणे माझं अक्षर त्याच्याहून वाईट आहे. भिंत पुन्हा काळी व्हायला लागलीय. डावा कोपरा मात्र त्याने कोरा ठेवलाय. तिथे काहीच कोरत नाही. आता त्याला स्वच्छ दिसतं, आधाराची गरज नाही, तरी माळ्याकडे जाताना हात त्या कोपऱ्यावरून फिरवूनच जातो. हल्ली मीही फिरवते. हाताला काही लागत नाही, नुसती पुट्टी.