दुपारचं पाणी

तळ्यावरच्या प्रयोगशाळेची होडी हाकणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे मामा म्हणत. एकतीस वर्षं मामा पाण्याच्या नमुन्यांसाठी माणसं नेत-आणत होते, आणि तळ्याला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

नव्या मॅडमनी भर दुपारी काठावरूनच बाटली भरली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि सांगून टाकलं, "मामा, एकही जीव नाही. तळं मेलंय."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उन्हात वर येऊन माशांच्या तोंडी जायला ते खुळे आहेत का? दिवसा ते खाली दडतात. बसा होडीत!"

तळ्याच्या मध्यावर त्यांनी बारीक जाळी खोल सोडली, सावकाश ओढली आणि तिला चिकटलेलं सगळं टोकाच्या बाटलीत उतरावं म्हणून तिच्यावर बाहेरून पाणी मारलं. "आतून ओतायचं नसतं," ते गुरकावले, "नाहीतर वरचं पाणी खालच्यात मिसळतं."

परतल्यावर मॅडमनी त्या बाटलीतला थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग खुर्चीवरून उठून म्हणाल्या, "मामा, तुम्हीच बघा."

एकतीस वर्षांत त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं. चष्मा कपाळावर सारून ते वाकले. काचेसारख्या अंगाची इवलीशी पाणपिसू हात मारत होती. तिचं काळीज धडधडताना दिसत होतं, आणि पाठीत पाच अंडी होती.

मामा ताठ उभे राहिले.

"मॅडम, आता ह्या लेकुरवाळीसमोर म्हणा बघू, तळं मेलंय म्हणून!"