दारवाल्या बाई

आमच्या विद्यापीठात ‘दारवाल्या बाई’ म्हटलं की नवीन माणसाला पहारेकरीण वाटते. तसं काही नाही. बाई मदत कक्षात नोकरीला आहेत. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा मुलांना हाताला धरून पदवीपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. मी त्याच खोलीत कोपऱ्यात बसून टपालावर शिक्के मारतो, त्यामुळे सांगतोय ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, माझं काही अडलेलं नाही.

ही मुलं हुशार असतात, पण बंद दारापुढे त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. प्राध्यापकाच्या दारावर ‘भेटण्याची वेळ अकरा ते बारा’ अशी पाटी असली की त्यांना वाटतं, या वेळात सर कुणा मोठ्या माणसांना भेटत असणार, आपण मध्ये तडमडू नये. मग ती बारानंतर येतात. तोवर सर जेवायला गेलेले असतात.

म्हणून बाईंनी पाडलेल्या इमारतीच्या भंगारातून एक दार आणलं, चौकटीसकट, आणि सुताराला म्हणाल्या, “खोलीच्या मधोमध उभं करा.”

“भिंत कुठाय?”

“भिंतीचं नंतर बघू हो.”

झालं, तालीम सुरू. मुलांनी टकटक करायची, पलीकडे आपल्या टेबलाशी बसलेल्या बाईंनी घोगऱ्या आवाजात “या” म्हणायचं. काहींचा हात दारापर्यंत जाई आणि डोकं खाजवून परत येई. पण हळूहळू जमू लागलं.

तेवढ्यात मालमत्ता विभागाचे साहेब तपासणीला आले. दार आहे म्हणजे पलीकडे खोली असणारच, असं त्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, “साहेब, जरा बाजूने बघा ना.”

“बाजूने बघायची पद्धत नाही,” साहेब म्हणाले.

दाराला नंबर मिळाला. नंबर मिळाला म्हणून खोली ठरली, आणि खोली कुणाच्या नावावर नाही म्हणून ती रसायनशास्त्राच्या प्रमुखांना दिली गेली, कारण त्यांच्या खोलीचं छत गळत होतं. सर टेबलखुर्चीसकट येऊन दारापलीकडे बसले. अलीकडे स्टुलावर शिपाई बसला. बाईंचं टेबल पलीकडे, म्हणजे तेही सरांच्या खोलीत गेलं. माझं अलीकडे होतं म्हणून मी वाचलो. माझ्या जागेवरून सरांच्या मोज्याचं भोकसुद्धा दिसायचं. एकदा मी सवयीने वळसा घालून त्यांच्या हातात टपाल दिलं, तर शिपाई अंगावरच आला. “भिंतीतून टपाल देतात का हो?”

त्याच आठवड्यात तालमीला येणाऱ्या मुलांतली चिमणी आली. चिमणी हे आम्ही पाडलेलं नाव. आवाजच तेवढा होता. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला गैरहजर म्हणून पोरीचं वर्ष जाणार होतं. गैरहजर कसली! सगळ्यांच्या आधी आली होती. पाणी प्यायला गेली तेवढ्यात प्रयोगशाळेचं दार लागलं. आत परीक्षा चालली, आणि ही बाहेर, पांढरा कोट घालून, कुणीतरी बोलावेल म्हणून उभी. वर्ष गेलं तर घरी परत यायचं, असं वडिलांनी बजावून ठेवलेलं. निर्णय प्रमुखांच्या हातात, आणि त्यांच्याकडे दाद मागायची मुदत त्याच दिवशी संपत होती.

शिपाई म्हणाला, “एका माणसाचं आत एकच काम ऐकलं जाईल. आणि थांबा, सर कामात आहेत.”

सर कान कोरत होते. सगळ्यांना दिसत होतं.

चिमणी दाराअलीकडच्या बाकावर बसली, तर शेजारी बाई. आपल्या टेबलाशी जायची परवानगी मागायला सकाळपासून तिथेच होत्या. माझं डोकं फिरलं. “बाई, ते तुमचं टेबल. उठा आणि वळसा घालून जा.”

“सर कामात आहेत ना.”

“अहो, तुम्हीच शिकवता ना पोरांना हे?”

“शिकवते हो. मला कुठे येतंय!” मग खाली बघत म्हणाल्या, “मी कॉलेज सोडलं ते असंच. सरांच्या दाराबाहेर उभी राहिले, ते बोलावतील म्हणून. पुढच्या वर्षाचे प्रवेश बंद झाले तरी उभीच. पुढे पदवी घेतली तीही बाहेरूनच.”

चिमणी उठली. दाराशी गेली आणि शिकवल्यासारखी खणखणीत टकटक केली.

“या,” सर म्हणाले.

“सर, बाईंना त्यांच्या टेबलाशी बसू द्या.”

“बसू दे की,” सर म्हणाले.

“एक काम झालं,” शिपाई म्हणाला. “पुढचा कोण?”

मी कपाळावर हात मारला. “अगं बये, तुझं वर्ष!”

तेव्हा बाई उठल्या. दारातूनच आत गेल्या, पण टेबलाशी बसल्या नाहीत. “सर, माझंही एक काम आहे. ही मुलगी तुमच्या परीक्षेला हजर होती.”

“मग मला कशी दिसली नाही?”

“दाराबाहेर होती.”

सरांनी चष्म्यावरून चिमणीकडे पाहिलं. “मग आत का नाही आलीस?”

“तुम्ही ‘या’ म्हणाला नाहीत, सर.”

सरांनी कान कोरायची काडी खाली ठेवली. मग म्हणाले, “उद्या सकाळी ये, परीक्षा घेतो. आणि दार ढकलून ये. कुणाची वाट बघू नकोस.”

चिमणी मान हलवत राहिली, थांबेचना. बाई मात्र उभ्या उभ्या रडायला लागल्या, मोठ्याने, लाज सोडून.

सर गडबडले. “आता काय झालं? मुलीचं काम झालं ना?”

“झालं,” बाई म्हणाल्या. “मला कुणीतरी एवढंच म्हणायला हवं होतं हो.”

बोलणं खासगी झालं म्हणून शिपायाने उठून दार लावून घेतलं. मीही मग तिकडे बघितलं नाही.