भाषेचा एकच रकाना

नेत्राक्का कॉम्प्युटरचा डबा मांडीवर धरून माझ्या स्कुटीवर मागं बसली होती आणि धारवाडच्या मळमड्डीतल्या प्रत्येक खड्ड्याला "सावकाश ग" म्हणत होती. मी काय सावकाश चालवणारी नाही. पण त्या डब्यात तिचं दोन वर्षांचं काम होतं, म्हणून त्या दिवशी चालवली.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर तिची फाइल नीट उघडत नव्हती, म्हणून तिनं घरचाच उचलला. संस्थेकडं लोकांच्या घरांतून आलेले जुने कागद होते. ते इंटरनेटवर कुठल्या पद्धतीनं मांडायचे, हे त्या दिवशीच्या बैठकीत ठरणार होतं. दोन हजार चार साल होतं.

नेत्राक्का बंगळूरला शिकून आलेली, संस्थेत कागद लावायच्या कामावर. नोकरी कायम नव्हती. मी अळणावरकडच्या खेड्यातली, नववीत शाळा सोडली आणि धारवाडात एका दुकानात टाइप करायला लागले. तिचं टायपिंग माझ्याकडं यायचं. माझ्या चुका ती काढायची, पण मालकासमोर एकदासुद्धा नाही. मला तेवढं पुरलं. तिच्यासाठी कुणाशीही भांडायला मी तयार होते.

जुने कागद फडक्यात बांधून ठेवतात, त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. संस्थेत कपाटंच्या कपाटं रुमाल होते. ज्या घरानं जसे बांधले तसेच ते राहिले पाहिजेत, हा नेत्राक्काचा हट्ट. का, ते तिनं मला एक रुमाल दाखवून सांगितलं होतं. भीमसेन नावाचा माणूस अळणावरला लाकडाच्या डेपोत कारकून, बायको कृष्णाबाई जुन्या हुबळीत. घरात दोघं दोन्ही भाषा बोलायचे. पण तो मराठी शाळेत शिकलेला, ती कन्नड शाळेत. तो मराठीत लिहायचा, ती कन्नडात उत्तर द्यायची. एकाही पत्रावर तारीख नाही. कुणीतरी त्याचं पत्र, त्यावर तिचं उत्तर, पुन्हा त्याचं, असं लावून बांधलेलं. मूल गेल्याचं तिनं कळवलं, त्याच्या खालीच त्याचं पत्र होतं, सागवानाच्या भावाचं. पुढच्या पत्रात तिनं त्याला जे सुनावलंय, ते वाचून मी पदर तोंडाला लावला. ही पत्रं सुटी झाली तर कोण कशावर चिडलंय ते कुणालाच कळणार नाही.

म्हणून तिनं एक्सएमएल धरलं होतं. त्यात डब्यात डबा ठेवता येतो. आधी कपाट, त्यात रुमाल, रुमालात पत्रं, ज्या क्रमानं आहेत त्या क्रमानं. दुसरी पद्धत साध्या तक्त्याची. एक कागद, एक ओळ. भाषेचा एकच रकाना, त्यात मराठी नाहीतर कन्नड.

बैठकीत तिनं फाइल उघडली. पडद्यावर नुसता कोड, प्रत्येक शब्दाला दोन्हीकडून टोकदार कंस. गोपाळराव म्हणून एक सभासद होते, ते म्हणाले, "हे काय अक्का, सगळे बाणच बाण. कुणाला मारायचेत?" सगळे हसले. मला राहवलं नाही. म्हटलं, तुम्ही चष्मा पुसून बघा, बाणांच्या मधे लिहिलंय. तशी ही कोण म्हणून विचारणा झाली. नेत्राक्का मान वर न करता म्हणाली, "माझी धाकटी बहीण."

अध्यक्ष श्रीहरीअप्पा निवृत्त वकील. वाईट माणूस नव्हते, हे आता म्हणते. त्यांचं म्हणणं, तक्ता कुणाच्याही कॉम्प्युटरवर उघडतो, उद्या नेत्रा नसली तरी चालतो. आणि मंडळात निम्मे मराठी, निम्मे कन्नड. दोन भाषांच्या दोन याद्या सारख्या मानानं लागल्या म्हणजे ना यांची कुरकुर ना त्यांची. ज्या कंत्राटदाराकडं कागद वाचून याद्या करायचं काम जाणार होतं, त्याच्याकडं मराठी वाचणारे वेगळे, कन्नड वाचणारे वेगळे. म्हणून कागदसुद्धा भाषेप्रमाणं वेगळे करून द्यायचे होते. ज्या गावात भाजीवालीसुद्धा एका वाक्यात दोन भाषा बोलते, तिथं हे ठरत होतं.

"नवरा एका यादीत, बायको दुसऱ्या?" नेत्राक्कानं विचारलं.

"शोधलं की दोघं सापडतील की."

"सापडतील अप्पा. पण एकमेकांशी बोलत असलेले नाही सापडणार."

अप्पांनी एकदा सगळ्या मंडळाकडं बघितलं. मग म्हणाले, "येन माडोदु, काय करायचं, सगळ्यांना घेऊन चालायचंय." हात वर झाले. तक्ता मंजूर.

परत येताना मी रस्ताभर शिव्या घातल्या. ती म्हणाली, "बिडु, ज्योती." सोड, म्हणून. डबा तसाच मांडीवर.

तोवर तिच्या फाइलीत थोडेच रुमाल उतरले होते. बाकीचे बांधलेलेच होते. पुढं संस्थेची मराठी यादी टाइप करायला आमच्याच दुकानात आली. मी हात लावणार नाही म्हटलं. मालक म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस. नाही गेले. नेत्राक्का काम संपेपर्यंत संस्थेत राहिली, मग बेळगावला एका शाळेच्या लायब्ररीत लागली. मला जाताना भेटलीसुद्धा नाही. मी मात्र भेटेल त्याला सांगत सुटले, की कंत्राटदाराच्या माणसांनी कात्रीनं रुमाल कापले आणि माझ्या अक्काचं काम मातीत घातलं. हुबळीच्या स्टँडवर त्यांच्यातल्या एकाची कॉलरसुद्धा धरली. तो आपला "मी नाही, मी नाही" म्हणत राहिला.

पुढं कितीतरी वर्षांनी संस्थेत हिशेब बघणारी वेदश्री एका लग्नात भेटली, तेव्हा कळलं. कंत्राटदाराची माणसं आली तेव्हा सोडायला एक रुमाल शिल्लक नव्हता. परक्यांनी ओढाताण करू नये म्हणून नेत्राक्कानं खोलीची कडी लावून सगळे रुमाल आपल्या हातानं सोडले होते आणि दोन ढीग केले होते, एक मराठी, एक कन्नड. सुरुवातीला ती प्रत्येक पत्रामागं पेन्सिलीनं त्याच्या रुमालातल्या जागेचा आकडा घालत होती. मग वेळ पुरेना, तेव्हा तिनं आकडे घालायचं सोडून दिलं.