परवा पाहिलेल्या टिकिया

हैदराबादेत आमच्या विद्यानगरच्या घरात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर डब्याचं झाकण पडून सरकत गेलं की अजून माझा हात जागच्या जागी थांबतो. तो सर्रर्र आवाज संपेपर्यंत मी मान कलती करून ऐकत राहतो. बायकोला वाटतं, माझा कान दुखतो. मी तिचा तो समज तसाच राहू दिला आहे.

आक्का, माझी थोरली बहीण, नवरा गेल्यावर मुलीला घेऊन आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आली. मुलगी चाकांचे स्केट घालून हॉकी खेळायची, गोलकीपर होती. हा खेळ मुळात बर्फावरचा. बर्फावर रबराची जाड चकती तरंगत गेल्यासारखी जाते. सिमेंटवर तीच चकती चिकटून बसते, नाहीतर कडेवर उभी राहून भलतीकडे पळते. भाचीच्या कोचना ही रोजची कटकट. सुलतान बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, संध्याकाळी हौसेनं मुलांना शिकवायचे. मी प्लास्टिकच्या कारखान्यात साचे डिझाइन करतो हे कळल्यावर त्यांनी मला गाठलं.

"मामू, बरफ तो अपने पास गन्ने के रस में डालने इत्ता भी नहीं. तुमीच कुछ करो."

मी हलक्या प्लास्टिकची चकती केली. कडेकडेनं भोकं, प्रत्येक भोकात आरपार नायलॉनची पिन, पिनेची गोल डोकी दोन्ही बाजूंना जराशी बाहेर. म्हणजे चकतीचं पोट जमिनीला टेकायचंच नाही, ती डोक्यांवर चालायची. ती किती बाहेर ठेवायची, यातच सगळी मेख होती. जास्त ठेवली की चकती अडखळायची, कमी ठेवली की पोट घासायचं. रविवारी मी स्वयंपाकघरातून चकत्या ढकलायचो आणि भाची पुढच्या उंबऱ्यात बसून अडवायची. आक्का वरून म्हणायची, "कारखाना घरी आणला का रे?" एका रविवारी एक चकती उंबऱ्यापर्यंत आडवीच्या आडवी गेली, जराही न डुलता. भाचीनं ती उचलून गालाला लावली. "मामा, ही तर तेल लावल्यासारखी येते."

मैदानावरच्या पोरांनी चकतीला नाव ठेवलं, मामू की टिकिया. मी जन्मभर बादल्या आणि बाटल्यांची झाकणं केली. माझ्या नावानं ओळखली गेलेली वस्तू ही एकच.

नायलॉन पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. म्हणून पिन कोरडीच भोकात ठोकायची आणि मग अख्खी चकती गरम पाण्यात ठेवायची. पिन आतल्या आत फुगून घट्ट बसते. पण कोरडी पिन ठोकताना तडकते, वेळ जातो. शेवटच्या खेपेला मी घाई केली. पिना आधीच वरणाच्या पातेल्यात उकळल्या. मऊ झालेल्या पिना सुळकन आत गेल्या. ही रीत उलटी आहे हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यात त्या सुकणार, ढिल्या होणार. तोवर अधूनमधून तपासू, असं मी स्वतःला सांगितलं.

ती राज्याच्या वाटणीची वर्षं होती. आज बंद, उद्या मोर्चा, बस मिळाली तर मिळाली. आमच्या घराला वाटणी नवी नव्हती. आजोबांच्या वेळी जुनं हैदराबाद राज्य फुटलं तेव्हा गाव तिकडे मराठी मुलखात गेलं आणि नोकरी इकडे हैदराबादेत राहिली. आता खेळाचे संघही दोन होणार, नव्या राज्याची नव्यानं निवड होणार, असं कळलं आणि भाचीनं सराव दुप्पट केला. कारखान्यातही त्याच सुमारास दोन विभागांचा एक करून माणसं कमी करायचं चाललं होतं. मी त्या धास्तीत. टिकिया संक्रांतीच्या आधी पाहिल्या होत्या, नंतर हात लावला नाही.

इथे एक शब्द समजून घ्यावा लागेल. हैदराबादेत परसों म्हणजे दोन दिवसांपूर्वी, गेल्या वर्षी, किंवा लग्नाआधी कधीतरी. कोच स्वतःच यावर हसायचे. "हमारा परसों रबर का है मामू, कित्ता भी खींचो. तुम मराठी लोगां का परसों पक्का. तुम परसों बोले तो परसोंइच."

निवड तोंडावर आली होती. उन्हानं सिमेंट पांढरं पडलेलं. सराव सुरू करण्याआधी कोचनी एक टिकिया कानाशी धरून हलवली.

"कुछ बज रा जैसा लगा. देखे थे क्या मामू? कब देखे?"

"परसों देखा."

त्यांनी टिकिया खाली टाकली आणि शिट्टी वाजवली.

हैदराबादी बोलीत मी खोटं बोललो नव्हतो. पण ते माझा परसों मराठी समजणार, हे मला माहीत होतं. त्याच भरवशावर मी तो शब्द वापरला.

एका मुलाचा फटका भाचीच्या हेल्मेटच्या जाळीवर बसला. टिकिया जाळीनं अडवली. तिच्यातली ढिली पिन सुटून जाळीतून आत गेली. भाची ओरडली नाही. हातमोजा काढून खाली बसली आणि म्हणाली, "मामा, डोळ्यात काहीतरी गेलं बघ."

डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात कोच आक्कापुढे हात जोडून उभे राहिले. "जाली पुरानी थी बहन, फटी-फटी. मेरी गलती." आक्का म्हणाली, "तुमचं काय चुकलं, भाऊ? तिचं नशीब." मी आक्काची पर्स धरून शेजारीच उभा होतो. त्या संध्याकाळी सगळ्या टिकिया मी दुरुस्तीच्या नावाखाली घरी आणल्या, आणि कारखान्यात नेऊन दळून टाकल्या. कोचनी शिकवणं सोडलं. नवा संघ निवडला गेला, तिच्याशिवाय.

भाची आता आबिड्सला बँकेत आहे. मध्यंतरी एका संध्याकाळी खाली आली आणि फरशीवर मांडी घालून बसली. आसपासच्या मुलींना ती हा खेळ शिकवणार होती. "टिकिया करून दे ना मामा. तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

तिच्या आवाजात माझं कौतुक होतं. ते मला सोसलं नाही. पातेल्यापासून दळण्यापर्यंत मी सगळं सांगितलं.

तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "परसों म्हणालास तू. मी ऐकलं होतं, गोलातच होते."

"हो."

"कधीचा परवा होता तो?"

"संक्रांतीच्या आधीचा."

"आईला मी सांगते. कोचसरांना तू सांग." ती उठली, जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली, "आणि टिकिया कर. ह्या वेळी कोरड्या पिना ठोक."

सुलतान बाजारातल्या कोचच्या दुकानात मी त्या अपघातापासून पाऊल ठेवलं नव्हतं. कोच थकले होते. कापडाच्या ताग्यांच्या वर, खिळ्याला, भाचीचं ते हेल्मेट टांगलेलं होतं. गिऱ्हाईक विचारत असेल, ते काय सांगत असतील, कोण जाणे. मी उभ्या उभ्याच बोललो. त्यांनी मध्येच एकदा विचारलं, "कब देखे थे फिर?" मी महिना सांगितला.

ते स्टुलावर चढले, हेल्मेट काढलं, धूळ झटकली. ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना. गल्ल्यावर ठेवलं, परत उचललं, शेवटी माझ्या हातात दिलं.

"अब तुम टांगो," म्हणाले. मामू म्हणाले नाहीत.

हेल्मेट आता आमच्या पुढच्या खोलीत भिंतीवर टांगलेलं आहे. भाची टिकिया न्यायला येते तेव्हा ती भिंत तिच्या डाव्या हाताला असते. तिला ते दिसत नसावं. मी विचारलेलं नाही.