बाईंनी तोंडं काढली नाहीत

बाईंनी आयुष्यभर श्वापदं काढली, घोडेस्वार काढले, सात डोक्यांचा अजगर काढला, सूर्य पांघरलेली स्त्री काढली. पण त्यातल्या एकालाही तोंड काढलं नाही. तोंडाच्या जागी नुसता गोल. अजगराचे सातही गोल रिकामे. मांजरपाटाच्या लांब पट्ट्यांवर रंगवलेली ही चित्रं रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या खोलीत खिळ्याला टांगली जायची आणि बाई छडीने दाखवत दाखवत बायबलमधलं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक शिकवायच्या. नवीन आलेलं माणूस आधी दचकायचं, मग मोजायला लागायचं. शिंगं दहा, डोकी सात, बाईंच्या घरात माणसं शून्य. यातला शेवटचा आकडा माझा. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फार विनोदी समजत होते.

बाई मूळच्या निलंग्याच्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नांदेडला बदलून आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक खोली होती त्यांची. सकाळची उपासना संपली की सगळी मंडळी जेवायला घरी पळायची. बाई मात्र मागच्या खोलीत सतरंजी झाडून बसायच्या, तीनच्या वर्गापर्यंत. एकदा मी विचारलं, "बाई, घरी जाऊन दोन घास खाऊन का येत नाही?"

"जाऊन यायचं म्हणजे, कुठं चाललीस असं विचारणारं कुणी तर पाहिजे की गं घरात," बाई म्हणाल्या, आणि डब्यातली भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे केली. मी ती खाल्ली. बोलण्याकडे माझं लक्षच नव्हतं. ठेचा छान होता.

त्यांची शिकवायची एक रीत होती. उतारा वाचून झाला की त्या एकेकाला विचारायच्या, "हे ऐकून कोण आठवलं?" लोक खरं सांगायचे. कुणाला पुढारी आठवायचा, कुणाला मुकादम, कुणाला भाऊबंद. बाई मान हलवायच्या. "बरं. आता परत वाच, अन् या टायमाला सोताला आठव." "श्वापद कोण हाय ते हुडकत फिरायचं न्हाई," त्या म्हणायच्या. "त्याचा शिक्का कुणाच्या हातावर बसतो, तेवढं बघायचं. हात आपलाच हाय, लांब जायला नको." तोंड का काढत नाही, याचंही उत्तर तेच. तोंड काढलं की माणूस शेजाऱ्याशी ताडून बघतो आणि घरी मजेत जातो, असं त्यांचं म्हणणं.

मला हे अर्थात पटत नव्हतं. मला आकडे आवडायचे. श्वापदाची संख्या सहाशे सहासष्ट आणि ती एका माणसाच्या नावाची बेरीज, एवढं कळल्यावर मी बाराखडीला नंबर देऊन सगळ्या नातेवाइकांची नावं मोजून काढली. सासूबाईंची बेरीज सहाशे चौसष्ट आली. दोनाने चुकलं, तरी महिनाभर मी त्यांच्याकडे तिरक्या नजरेनेच बघत होते. वर्गात हे अभिमानाने सांगितलं, तर बाईंनी विचारलं, "तुझी किती आली?" स्वतःचं नाव मोजायचं मला सुचलंच नव्हतं.

आता अण्णांचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय बाई पुऱ्या होत नाहीत. अण्णा म्हणजे आमच्या चर्चचे पंच, रेल्वेतले निवृत्त गार्ड. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडून एक डोळा गेलेला, म्हणून चष्म्याची एक काच काळी. कोण किती मिनिटं उशिरा आलं ते घड्याळ बघून तोंडावर सांगायचे. नाताळच्या तालमीत ते माझ्याबद्दल म्हणाले, "हिला मागच्या रांगेत घ्या. गाते ती, पण गाडी रुळावरून घसरल्यावानी." सगळे हसले. मी घरी येऊन रडले आणि नंतरच्या रविवारी बाई हात धुवायला गेल्या तेव्हा डबीतलं काजळ काढून त्या दुसऱ्या श्वापदाला, कोकरासारखी दोन शिंगं असलेल्या खोट्या संदेष्ट्याला, तोंड काढलं. नाक, मिशी आणि चष्मा. एक काच काळी.

तीन वाजता बाईंनी पट्टा उलगडला. बावीस माणसं होती खोलीत. आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. मीही हसले, सगळ्यात मोठ्यानं, म्हणजे संशय नको. अण्णा पहिल्याच रांगेत बसायचे, ऐकू कमी येतं म्हणून. ते उठून पट्ट्याजवळ गेले, मान वाकडी करून चांगल्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिले. मग बाईंना म्हणाले, "मला असं समजता का तुम्ही?" बाईंनी छडी भिंतीला टेकवली. अण्णांनी टोपी उचलली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. पुढे मुलाकडे चाकूरला राहायला गेले आणि तिथेच वारले.

पंचांची बैठक बसली. हे कुणी केलं, असं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "पट्टा माझा हाय." एवढंच. दुसऱ्यांदा विचारलं, तर पुन्हा तेच. शेवटी प्रकटीकरणाचा वर्ग बंद करायचं ठरलं. बाईंनी पट्टे गुंडाळून घरी नेले. मी घरी जाऊन देवाचे आभार मानले की वाचले. खरंच मानले. देवाने तेव्हा काय तोंड केलं असेल, ते मला काढता येणार नाही.

त्यानंतरही बाई रविवारी उपासना संपल्यावर मागच्या खोलीत जाऊन बसायच्या. सतरंजी झाडायच्या. तीन वाजले की उठून घरी जायच्या. बरीच वर्षं हे चाललं. लोक म्हणायचे, बाईंना सवय लागली आहे. मी जाता जाता दारातून बघायचे आणि चपला घालायचे.

माझी साठी उलटल्यावर एका दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले. बाई चांगल्याच थकल्या होत्या. माझ्या नातवाच्या मोबाईलवर दर महिन्याला नवीन श्वापद जाहीर करणारे उपदेशक येत होते. ते माझ्याकडून ऐकून बाईंना मजा वाटायची. "या महिन्यात कुणाला बसवलंय?" त्यांनी विचारलं. मी मात्र पाण्याचा तांब्या हातात धरून सांगून टाकलं, ते तोंड मी काढलं होतं म्हणून.

"ठाऊक हाय की," बाई म्हणाल्या. "दारातून बघितलं तुला. बोटं चुलीतून काढल्यावानी काळी झालती. काय काढलंस ते मातर पट्टा उलगडल्यावरच कळलं."

"मग पंचांना सांगितलं का नाही?"

"एकट्याच्या साक्षीवर कुणाला दोषी धरू नये, असं शास्त्र हाय. मी एकटीच होते बघणारी." मग म्हणाल्या, "दुसरी साक्ष तुझीच होती, मार्थे. मला वाटलं, येशील. या रविवारी न्हाई तर पुढच्या."

म्हणजे त्या तीन वाजेपर्यंत माझी वाट बघत बसायच्या. इतकी वर्षं.

मी रडले वगैरे. बाईंनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? मंडळीसमोर सांग. अण्णा गेले, पण त्यांच्या पोराला तरी कळंल की बाप श्वापद नव्हता. अन् जमलं तर दोघी मिळून वर्ग लावू. दोघी पुष्कळ झाल्या."

पुढच्या रविवारी सांगते, असं मी म्हणाले. पुढच्या रविवारी महिला मंडळाची निवड होती आणि अध्यक्ष मी होणार होते. त्याच्या पुढच्या रविवारी अध्यक्ष झाले होते, मग तर बोलायची सोयच राहिली नाही. नंतर मुलीची सोयरीक, मग गुडघ्याचं ऑपरेशन. मी बाईंकडे जात राहिले, डबा नेत राहिले. मेथीची भाजी त्यांना आवडायची. बाईंनी पुन्हा एकदाही विचारलं नाही. भाजी छान झाली म्हणायच्या आणि डबा धुऊन द्यायच्या. विचारलं असतं तर मी भांडले तरी असते.

यंदा बाई गेल्या. स्मरणसभेला तीस-पस्तीस माणसं होती, निम्मी आमच्याच घरची. नवीन पाळक तरुण आहे, उदगीरकडून आलेला, गोड बोलतो. त्याने माहिती वाचून दाखवली: बाईंनी इतकी वर्षं शाळेत शिकवलं, काही काळ चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेतला, पुढे प्रकृतीमुळे तो बंद केला. प्रकृतीमुळे. मी पुढच्या बाकाला धरून उभी राहिले. सून कुजबुजली, "आई, बसा ना, अजून गीत व्हायचंय."

"ते तोंड मी काढलं होतं," मी म्हणाले.

पाळकाने कागद खाली केला. सगळीकडे बघितलं, कुणाला काही माहीत आहे का म्हणून. कुणालाच नव्हतं. ते बावीसजण कधीच पांगले होते. काही पुण्याला, बरेचसे कब्रस्तानात. चाकूरहून कुणी आलं नव्हतं.

"कुठलं तोंड, आजी?" त्याने हळूच विचारलं.

मग मी उभ्या उभ्याच पहिल्यापासून सांगायला लागले.