मांदेलीवाली म्हणणारी

खारघरच्या कॉलेजात मी माणसांचं बोलणं रेकॉर्ड करून कॉम्प्युटरला ऐकवते. माणूस कुठे अडखळतो, कुठली नावं विसरतो, त्यावरून मेंदूचा आजार आधीच ओळखता येतो का, ते आम्ही बघतो.

पनवेलच्या बाजारात करंजाहून येणारी मासळीवाली प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या आवडत्या माशावरून हाक मारते. मी 'मांदेलीवाली'. हल्ली हाकेआधी ती थांबते आणि मी नकळत सेकंद मोजायला लागते.

आज पिशवीतल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करूनच गेले. तिनं माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, मग न विचारताच मांदेलीचा वाटा पिशवीत टाकला.

"आज हाक नाही मारलीस, मावशी?"

"जिभेवर हाय गो, भायेर नाय येत," ती हसली.

आवाज स्वच्छ आलाय. कॉम्प्युटरला अजून ऐकवलेला नाही.