माझी फवारणी, आण्णांची कणसं

माझ्या शास्त्रीय शेतीवर आमच्या घरात एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो मी.

राहुरीला एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आलो, तेव्हा आमच्या स्वीटकॉर्नच्या पानांवर पांढरे पट्टे पडले होते. "जस्ताची कमतरता!" मी जाहीर केलं. "झिंक, लोह, बोरॉन पाण्यात कालवून पानांवर मारायचं. कणीस पार टोकापर्यंत भरतं!"

"खत मुळाला घालत्यात," बाजेवरून आण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले. "पानाला कवा तोंड फुटलं?"

झाली पैज! एकूण बारा सऱ्या. पश्चिमेच्या सहा माझ्या, फवारायच्या. पूर्वेच्या सहा आण्णांच्या, तशाच ठेवायच्या. माझी कणसं सरस निघाली तर पुढच्या वर्षीही मका. नाहीतर तिथं परत ऊस! (ऊस म्हणजे त्याच्या वाळल्या पाल्यात, पाचटात, हात कापून घ्यायचे. मला नको होता हो ऊस!)

फवारणीला मी रेनकोट, गॉगल, मास्क, हातमोजे असा जामानिमा करून निघालो. आमचंच कुत्रं माझ्यावर भुंकलं. नोझल इतकं बारीक केलं की नुसतं धुकं उडत होतं. पूर्वेच्या बांधावर बसलेले आण्णा एकसारखे शिंकायला लागले.

"आरं, हे काय उडतंय हिकडं?"

"शास्त्र आहे आण्णा! तुम्हाला नाही कळायचं!"

तिकडेच तारेवरचं आण्णांचं धुणं काढत बायको, मंगल, ओरडली, "अवो, मामांच्या धोतराला तांबडे ठिपके पडलेत!"

"तारेचा गंज असेल!" गॉगलमधून मला धोतर सोडा, मंगलही दिसत नव्हती. तुरा यायच्या आत दुसरी फवारणीही मी अशीच थाटात उरकली.

तोडणीला शेजारचे चार लोक मुद्दाम बोलावले. (मीच!) माझी कणसं सोलली, तर निम्मी टोकाला बोडकी. आण्णांचं पहिलं सोललं, टोकापर्यंत गच्च. दुसरंही गच्च. दहावंही!

"मग? ऊस कवा लावायचा?" आण्णा मिशीत हसले.

तेवढ्यात मंगलनं ते धोतर आणून सगळ्यांपुढं धरलं. ठिपके काही गेले नव्हते.

"मामा, गंज बिंज काय न्हाई, ह्ये फवारनीचं हाय. दोन्ही बारीला वारं कुनीकडं हुतं?"

वारं पश्चिमेचं होतं. माझ्याकडून आण्णांकडं! मी दोन्ही वेळा, रेनकोट घालून, मन लावून, आण्णांचाच मका पोसला होता.

आता माझी पंचाईत बघा. फवारणी वाया गेली म्हणावं, तर ऊस. लागू पडली म्हणावं, तर चारचौघांत स्वतःची अक्कल काढायची! मी पाचट आठवलं आणि मान खाली घातली.

"आण्णा, औषध चांगलंय. मी गाढव आहे."

"दुसरं आमाला ठावं हुतं," आण्णा कणीस चावत म्हणाले, "पयलं आज कळलं."

यंदाही तिथं मकाच आहे. पंप मंगलच्या पाठीवर असतो. मी ते ठिपक्यांचं धोतर हातात धरून बांधावर उभा राहतो आणि वारं कुणीकडं आहे ते ओरडून सांगतो. ती मान डोलावते, आणि आण्णांना विचारून पंप सुरू करते.